उष्ट्याची पाटी आणि गाभाऱ्याची पायरी

भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारातून उभ्या राहिलेल्या या कारखान्याची आरंभीची क्षमता वर्षाला दहा लक्ष टन पोलादाची होती. त्याआधी १९५४ साली पंडित नेहरूंनी भाक्रा-नांगलच्या संदर्भात नव्या युगाच्या देवळांची भाषा वापरली होती. पाहता पाहता ती भाषा धरणांवरून कारखान्यांपर्यंत पसरली, आणि भिलाईसारखी स्थळे आधुनिक भारताची तीर्थे म्हणून ओळखली जाऊ लागली. हे रूपक ज्यांनी योजिले त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु रूपक अर्धे वापरता येत नाही. देऊळ म्हटले की कळस येतो, गाभारा येतो, सभामंडप येतो. तशीच पायरी येते आणि पायरीच्या अलीकडे उभे राहणारेही येतात. भिलाईच्या आखीव सेक्टरांतून प्रशस्त रस्ते, शाळा आणि रुग्णालय आले. कुंपणाबाहेर कंत्राटी मजुरांच्या वस्त्याही आल्या. रूपक योजणाऱ्यांना ही दुसरी बाजू अभिप्रेत नव्हती. रूपकाने मात्र ती सोडली नाही.

रूपकाची ही दडवलेली बाजू वसूल करणे, हे कवितेचे एक मोठे काम आहे. धर्माच्या नावाने चालणारा दंभ आणि दारिद्र्याविषयीची बेपर्वाई यांचा समाचार मराठी कवितेने सात शतके घेतला, तो उपदेशाच्या बळावर नव्हे. उपदेश करणारे तर गावोगाव होतेच. कवितेने तो घेतला आपल्या रचनेच्या बळावर. आणि नेमकी हीच गोष्ट मराठी समीक्षेने आणि साहित्याच्या अध्यापनाने सातत्याने नजरेआड केली आहे, असे येथे स्पष्टपणे म्हणावयाचे आहे.

ही नजरेआड करण्याची कृती तीन प्रकारांनी घडली. भाविक समीक्षेने अशा कवितेतील आरोपाला विनम्रता म्हटले आणि आरोपीच्या पिंजऱ्यातून समाजाला अलगद सोडवून घेतले. कलावादी समीक्षेने तिला प्रचार म्हटले आणि तिच्या घडणीकडे पाहण्याचे श्रम वाचविले. बांधिलकीवादी समीक्षेने तिला विद्रोह म्हणून मस्तकी धरले, परंतु विद्रोह हा शब्द उच्चारल्यानंतर अधिक काही सांगण्याची गरज तिलाही वाटली नाही. तिघांचे भांडण मोठे कर्कश आहे. तिघांची चूक मात्र एकच आहे. कविता काय म्हणते एवढेच तिघांनी ऐकले. ती कोठे उभी राहून, कोणाच्या तोंडून आणि कोणत्या चालीत म्हणते, हे कोणी विचारले नाही.

दंभ म्हणजे काय, याचा विचार केला तर या प्रश्नाचे महत्त्व ध्यानात येईल. दंभ हा मूलतः चिन्हांचा व्यवहार आहे. माळ, टिळा, भगवे वस्त्र, मिटलेले डोळे ही सर्व चिन्हे एका आंतरिक अवस्थेकडे बोट दाखवितात, असा लोकांचा समज असतो. दांभिक मनुष्य ती अवस्था गाळतो आणि बोट तेवढे शिल्लक ठेवतो. दंभाविरुद्ध प्रवचन करणाराही माळ आणि टिळा धारण करूनच व्यासपीठावर बसतो, म्हणून प्रवचन येथे दुबळे ठरते. कवीची गोष्ट निराळी. चिन्ह आणि अर्थ यांचे नाते हाच ज्याचा धंदा, त्याला खोटे नाणे वाजवून पाहता येते.

बेपर्वाई हा मात्र दंभाहून वेगळा दोष आहे. दांभिक खोटे बोलतो. बेपर्वा मनुष्याला खोटे बोलण्याचीही गरज पडत नाही, कारण त्याला काही दिसतच नाही. भारतीय परंपरेत या न दिसण्याला एक भारदस्त नावही मिळाले आहे. उदासीनता हा गीतेने भक्ताच्या लक्षणांत गणलेला गुण. सुखदुःखापासून अलिप्त राहण्याची ती साधना स्वतःच्या सुखदुःखापुरती होती. सोयीस्कर अर्थ लावणाऱ्यांनी ती शेजाऱ्याच्या उपासमारीला लागू केली. दंभ उघडा पाडायचा तर चिन्ह उलगडून दाखवावे लागते. बेपर्वाई मोडायची तर वाचकाची उभे राहण्याची जागाच बदलावी लागते. दोन दोष, दोन तंत्रे. मराठी कवितेने दोन्ही कमावली आहेत.

पहिल्या तंत्राचा सर्वांत मोठा धनी तुकाराम. देहूच्या या वाण्याने १६३० च्या सुमाराचा दुष्काळ घरात पाहिला. त्या काळात पहिली पत्नी अन्नावाचून गेली आणि पुढे आपल्या वाट्याची कर्जखते त्याने इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. तुकारामाच्या भोंदूंवरील अभंगांत शिव्या आहेत, आणि वर्गात त्या शिव्यांचेच कौतुक होते. खरे बळ शिव्यांत नाही, यादीत आहे. तो भोंदूचे साहित्य एकेक करून मांडतो: अंगाची राख, जटा, माळांचे ओझे, शिष्यांचा घोळका, भोजनाची तयारी. व्यापारी दुकानातील मालाची मोजदाद करतो त्या थंडपणाने ही मोजदाद चालते. वस्तू जमा होत जातात आणि माणूस नाहीसा होत जातो. शेवटी वाचकाच्या हाती सामानाचा ढीग उरतो आणि मालक सापडत नाही. दंभाची याहून नेमकी व्याख्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतही मिळणार नाही. साधू कोण, या प्रश्नाचे उत्तर तुकारामाने पोशाखावरून काढून घेतले आणि दुःखिताशी असलेल्या नात्यावर आणून ठेवले. परंतु ते उत्तर पटते, कारण त्याआधी पोशाखाची झडती पुरी झालेली असते. झडती वगळून केवळ उत्तर पाठ करणारा महाराष्ट्र पुढे सुभाषितांचा महाराष्ट्र झाला, यात नवल नाही.

दुसऱ्या तंत्राचा आरंभ चोखामेळ्यापाशी होतो. चोखोबाचे अभंग वाचताना सर्वप्रथम जाणवावी अशी गोष्ट म्हणजे त्यांतील बोलणाऱ्याची जागा. इतर संत देवापुढे उभे राहून बोलतात; चोखोबा देवळाबाहेरून बोलतो. विठ्ठलाचे रूप तो वर्णितो तेव्हाही ते महाद्वाराच्या अलीकडून पाहिलेले रूप असते. ‘जोहार’च्या अभंगांत तर तो आणखी पुढे जातो. महाराने पाटलाला करावयाचा जोहार तो विठ्ठलाला करतो आणि देवाच्या उष्ट्यासाठी भुकेल्या पोटी पाटी घेऊन आलो आहे, असे सांगतो.

या उष्ट्याच्या पाटीवर भाविक समीक्षेने किती शाई सांडली आहे! भक्ताची ही परमावधीची लीनता आहे, अहंकाराचा येथे निःशेष लोप झाला आहे, असे विवेचन वर्गावर्गांतून ऐकू येते. त्या लीनतेला नाकारण्याचे कारण नाही. चोखोबा भक्त होता आणि त्याचे प्रेम खरे होते. परंतु पाटी हे अलंकाराचे साहित्य नव्हे. ती गावगाड्यातील एक खरी वस्तू आहे. घराघरांतील उष्टे त्या पाटीत पडत असे आणि त्यावर एका संपूर्ण जातीचे पोट चालत असे. चोखोबाने ती पाटी उचलून जशीच्या तशी वैकुंठाच्या दारात नेऊन ठेवली. मग एक विलक्षण गोष्ट घडते. देव पाटलाच्या जागी बसतो. वैकुंठालाही वेस आहे, तेथेही पंगत आतल्यांची आणि उष्टे बाहेरच्यांचे, हे चित्र ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उभे राहते आणि त्याला ते सहन होत नाही. देवाच्या बाबतीत जे सहन होत नाही ते गावाच्या बाबतीत रोज कसे सहन होते, हा प्रश्न चोखोबा विचारत नाही. विचारण्याची गरज उरत नाही. प्रथेचा अतिशब्दशः स्वीकार करून तिला असह्य करून सोडणे, हे ते तंत्र. त्याला लीनता म्हणून मोकळे होणारी समीक्षा वेशीच्या आतल्या बाजूला बसून लिहिली गेली आहे, एवढेच म्हणता येईल.

चोखोबाच्या घरात ही धार पुढे वाढत गेली. पत्नी सोयराबाई विटाळाचा प्रश्न घेते तेव्हा तिची रीत तर्काची असते: देह विटाळातूनच घडतो, मग निर्मळ देह कोणाचा? मुलगा कर्ममेळा देवाला सरळ जाब विचारतो. बाप पाटी घेऊन उभा, आई युक्तिवाद करते, मुलगा फिर्याद लावतो. एकाच कुटुंबातील या तीन आवाजांना ‘संत चोखामेळा व त्यांचा परिवार’ अशा एका मथळ्याखाली भक्तीच्या एकाच रंगात बुडविणे, याला वाङ्मयेतिहास म्हणावे काय?

चोखोबाचा शेवट प्रसिद्ध आहे. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले आणि त्याखाली सापडलेल्या मजुरांत चोखोबा होता. परंपरेने ही घटना १३३८ सालची मानली आहे. नामदेवाने अस्थी गोळा करून आणल्या आणि पंढरपूरला महाद्वारासमोर समाधी बांधली. ही कथा सांगताना अस्थींतून विठ्ठलनामाचा ध्वनी कसा येत होता, हे भरभरून सांगितले जाते. हा संत वेठीच्या बांधकामावर मेला, ही गोष्ट मात्र कथेच्या कडेला पडून राहते. ज्याला वेशीच्या आत घर नव्हते, तो वेशीची भिंत बांधताना तिच्याखाली गाडला गेला. त्याच्या समाधीपासून हाकेच्या अंतरावर असलेले दार त्याच्या जातिबांधवांना उघडे व्हावे म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये प्राणांतिक उपोषण करावे लागले. मधली सहा शतके चोखोबाचे अभंग त्याच दारासमोर टाळमृदंगाच्या गजरात गायिले जात होते. औदासीन्य म्हणजे काय, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण जगाच्या वाङ्मयात विरळाच सापडेल.

एकनाथाची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. भारुडांत त्याने जोशी, गोंधळी, वासुदेव, आंधळा, बहिरा अशी नाना सोंगे घेतली. महाराच्या मुखातूनही तो बोलला. सोंगाच्या आड राहून भल्याभल्यांची झाडाझडती घेण्याची ही युक्ती लोकनाट्याच्या मर्माला धरून आहे, आणि सोळाव्या शतकातील पैठणच्या ब्राह्मणाने महाराच्या तोंडी ज्ञान घालावे हे साधे धैर्य नव्हे. तरीही सोंग उतरविता येते, हा सोंगाचा गुण आणि मर्यादाही. नाथाला भारूड संपल्यावर घरी जाता येत होते. ज्याचे सोंग घेतले त्याला स्वतःच्या कातडीतून बाहेर पडता येत नव्हते. हे सांगितल्याने नाथाचे मोठेपण उणावत नाही. उलट, उसना आवाज कोठपर्यंत पोहोचतो आणि कोठे थांबतो, हे त्यामुळे कळते. आज भारूड करमणुकीच्या कार्यक्रमात जाऊन बसले आहे. झाडाझडती घेणारा प्रकार टाळ्या घेणारा झाला, याचा दोष मात्र नाथाकडे जात नाही.

आधुनिक काळात दोन्ही तंत्रांना नवी वळणे मिळाली. केशवसुतांच्या ‘अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न’ या कवितेत मुलाच्या सावलीचा विटाळ मानणारा ब्राह्मण आहे आणि घरी जाऊन आईला प्रश्न विचारणारे पोर आहे. प्रश्न ‘पहिला’ आहे, या एका शब्दात कवितेची रचना सामावली आहे. प्रौढ माणसाला सवयीमुळे जे दिसेनासे झालेले असते ते पहिल्यांदा पाहणाऱ्या डोळ्यांनी पाहिले की व्यवस्था अकस्मात विक्षिप्त दिसू लागते. १९४७ साली ‘काही कविता’ प्रसिद्ध करणाऱ्या मर्ढेकरांनी ओवी-अभंगाच्या जुन्या चालीत यंत्रयुगातील माणसाची हलाखी बसविली. कान भक्तीच्या तयारीत बसतो आणि हाती लागते ते गिरणीच्या भोंग्याचे जग. श्रोत्याच्या कानावरील संस्कारच त्याच्याविरुद्ध साक्षीला उभा करण्याची ही किमया होती. विशेष असे की, याच मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराचा हवाला देऊन पुढे सामाजिक कवितेला कलाबाह्य ठरविण्यात आले. शास्त्रकार मर्ढेकरांना कवी मर्ढेकरांच्या विरुद्ध वापरणाऱ्यांनी दोघांपैकी कोणालाच नीट वाचले नव्हते.

कुसुमाग्रजांची ‘गाभारा’ ही कविता आवाजाच्या निवडीसाठी अभ्यासण्याजोगी आहे. दर्शनाला आलेल्या भक्ताला येथे कोणी सांगतो की, देव सध्या देवळात नाही. बाकी वैभव सारे जागच्या जागी आहे. हा सांगणारा खिन्न नाही, संतप्तही नाही. तो देवस्थानच्या कचेरीतील माणसासारखा सौजन्याने, जरा दिलगिरीने बोलतो आणि देवापेक्षा गाभारा महत्त्वाचा, या निष्कर्षापर्यंत सहजगत्या येऊन पोहोचतो. कवीने स्वतःचा संताप शब्दांतून पूर्णपणे काढून घेतला आहे. त्याने तो वाचकाकडे सोपविला आहे. बोलणाऱ्याच्या सभ्यपणामुळेच वाचक अस्वस्थ होतो. हीच कविता संतापाच्या स्वरात लिहिली गेली असती तर एव्हाना विसरली गेली असती.

आणि मग १९७२ साली नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. त्यातील शिवराळपणाची चर्चा पुष्कळ झाली. तीत आता शिकण्यासारखे थोडे उरले आहे. ध्यानात घेण्याची गोष्ट निराळी आहे. या संग्रहाच्या प्रस्तावनेत विजय तेंडुलकरांना अनेक शब्दांचे अर्थ कवीला विचारावे लागले. मराठीच्या एका मातब्बर लेखकाला मराठीच कवितेच्या दाराशी थांबून, आत काय आहे, असे विचारावे लागले! सहाशे वर्षांपूर्वी चोखोबा पायरीबाहेर उभा होता आणि वाचक आत होता. ढसाळांनी अदलाबदल केली. कामाठीपुऱ्यातील बोलीचा, कोणताही खुलासा न करता केलेला वापर हा त्या अदलाबदलीचा मुख्य उपाय होता. ज्ञानाच्या गाभाऱ्यातून बाहेर ठेवले जाणे म्हणजे काय, हे पांढरपेशा वाचकाला काही पृष्ठांपुरते अनुभवावे लागले. तेंडुलकरांचा मोठेपणा हा की, त्यांनी बाहेर उभे असल्याचे मान्य केले. पुष्कळ समीक्षकांनी ते न करता कवितेलाच अस्पृश्य ठरविले.

अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’विषयीचा वाद याच प्रश्नाशी येऊन भिडतो. १९७७ साली राष्ट्रकुल काव्यपुरस्कार मिळविणाऱ्या या इंग्रजी मालिकेतील यात्रेकरूला भालचंद्र नेमाड्यांनी पर्यटक म्हटले: श्रद्धेच्या आत न शिरता बाहेरून पाहून परतणारा. आक्षेप पोकळ नाही. परंतु पर्यटकाची कोरडी नजर ही त्या कवितेतील चूक नसून तिची रीत आहे. दगड आणि देव यांच्यातील सीमा पुसट होत गेलेली पाहताना निवेदक हसत नाही आणि रडतही नाही. नाण्यासाठी मागे लागणाऱ्या म्हातारीपाशी मात्र तो कोरडेपणा टिकत नाही. तिच्याकडे नीट पाहताच पाहणाराच लहान होऊन जातो. नजरेचा हा पराभव दाखविण्यासाठी आधी ती नजर कोरडी असणे आवश्यक होते. श्रद्धेच्या आतून हे चित्र निघाले नसते. कदाचित दुसरे, तितकेच मोलाचे निघाले असते. एका तंत्राने दुसऱ्याचा निषेध करण्याचे कारण नाही.

येथवरचा विचार महाराष्ट्राच्या नकाशात बंदिस्त ठेवला तर तो अपुरा राहील. छत्तीसगढ १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते, आणि रायपूर-बिलासपूरकडील मराठी घराणी ही त्या इतिहासाची खूण आहे. त्याच भूमीवर गुरू घासीदासांनी जात आणि मूर्तिपूजा दोन्ही नाकारणारा सतनामाचा मार्ग सांगितला होता. मराठी भाषक माधवराव सप्रे यांनी पेंड्रा येथून १९०० साली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. पुढे ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणाऱ्या सप्र्यांनी १९०१ साली त्या मासिकात ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटी कथा लिहिली. जमीनदाराने झोपडी बळकावलेली विधवा चुलीसाठी टोपलीभर माती मागते आणि टोपली डोक्यावर चढविण्यास त्यालाच हात लावायला सांगते. टोपली त्याला उचलत नाही. मग ती विचारते की, एका टोपलीचा भार पेलत नाही, तर साऱ्या मातीचा भार जन्मभर कसा पेलणार? कथा गद्यात आहे, पण तिची घडण कवितेची आहे. चोखोबाची पाटी आणि विधवेची टोपली या एकाच घरच्या वस्तू आहेत. दोन्ही ठिकाणी आरोप शब्दांवर सोपविलेला नाही. वस्तूच्या वजनावर सोपविला आहे.

भिलाईची पहिली भट्टी पेटण्याच्या आदल्याच वर्षी, १९५८ मध्ये, जवळच्या राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात एक मराठी भाषक प्राध्यापक हिंदी शिकवावयास आला. तो गजानन माधव मुक्तिबोध. १९६२ साली मध्य प्रदेश शासनाने त्याच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पाठ्यपुस्तकावर बंदी घातली, आणि ११ सप्टेंबर १९६४ रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, पहिला काव्यसंग्रह हाती पडण्यापूर्वीच तो मरण पावला. ‘अँधेरे में’ या दीर्घकवितेत मध्यरात्री निघणारी मिरवणूक आहे. तीत सैनिक आहेत. त्यांच्याबरोबर दिवसा मान्यवर म्हणून वावरणारे कवी, समीक्षक, विद्वान, मंत्री, उद्योगपती आहेत आणि शहरातील कुप्रसिद्ध खुनीही आहे. पालखीची शोभायात्रा पाहत वाढलेल्या मराठी मनाला या दृश्याची जात ओळखू यावी. मिरवणूक हा सार्वजनिक पावित्र्याचा सर्वांत दिमाखदार आविष्कार. मुक्तिबोधांनी ती तशीच ठेवली, फक्त वेळ बदलली. दिवसाची रात्र करताच चिन्हांच्या मागचे चेहरे दिसू लागले. तुकारामाची यादी येथे पायांवर चालू लागली आहे. आणि त्या यादीत समीक्षकांचा समावेश आहे, हे समीक्षकांनी विसरू नये. मुक्तिबोधांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत कविता आणि समीक्षा लिहीत होते; १९७९ साली त्यांच्या ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथास साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. सौंदर्य आणि मानुषता यांची फारकत मानण्यास या ग्रंथकाराने नकार दिला होता. एका घरातून दोन भाषांत दिला गेलेला हा धडा मराठी अभ्यासक्रमांत एकत्र कितीदा वाचला जातो?

येथे एक आक्षेप अपेक्षित आहे आणि तो प्रामाणिकपणे घेतला पाहिजे. उपाशी माणसापुढे रचनातंत्राची चर्चा करणे हाच एक दंभ नव्हे काय? भूक ही भूक आहे; तिला आवाजाची निवड आणि वस्तूचे वजन कशाला हवे? याचे उत्तर असे की, कवितेने पोट भरत नाही, हे चोखोबाला कोणत्याही समीक्षकापेक्षा अधिक ठाऊक होते. तरीही त्याने शब्द निवडून वापरले, कारण गरिबाच्या दुःखाचे ढिसाळ वर्णन हे त्या दुःखाचा दुसरा अपमान असते. गेल्या काही दशकांत भाकरी, घाम, टाहो, पेटलेली मशाल अशा शब्दांची जुळणी करून दारिद्र्याच्या कवितांचे जे पीक आले, त्यात दारिद्र्य शोभेची वस्तू झाले. भोंदूच्या गळ्यातील माळ आणि अशा कवितेतील भाकरी यांत फरक कोणता? दोन्ही चिन्हेच, दोहोंतून अर्थ निघून गेलेला. विद्रोहाचाही दंभ असू शकतो. तो ओळखण्याचे साधन समीक्षेपाशी एकच आहे: कवितेची घडण. ते साधन टाकून देणारी समीक्षा खऱ्या कवीला आणि सोंगाड्याला एकाच पंगतीत बसविते आणि त्यालाच सामाजिक न्याय समजते.

दुसरा, याहून सूक्ष्म धोका सन्मानाचा आहे. ज्या कवितेचा आवाज दाबता येत नाही तिची पालखी काढण्यात भारतीय समाज मोठा तरबेज आहे. चोखोबाची समाधी झाली, तुकारामाचे मंदिर झाले, ढसाळांना २००४ साली साहित्य अकादेमीने सुवर्णमहोत्सवी गौरव दिला. गौरव करू नये असे कोणी म्हणणार नाही. परंतु गौरव झाला म्हणजे आरोप निकाली निघाला, असे समजणे ही दांभिकतेची सर्वांत सुसंस्कृत तऱ्हा होय. ग्रंथालयाच्या फडताळात नीट लावून ठेवलेली संहिता देखील गाभाऱ्यातील मूर्तीसारखी निरुपद्रवी होऊ शकते. साहित्याच्या विद्यार्थ्याने म्हणून अशी कविता वाचताना आधी एवढेच तपासावे की, बोलणारा कोठे उभा आहे, हातात कोणती वस्तू आहे, आणि ती कविता वाचणाऱ्याला दाराच्या कोणत्या बाजूस उभे करते. ‘आशय : सामाजिक विषमता’ एवढे लिहून परीक्षेत गुण मिळतात, कविता मिळत नाही.

भिलाईच्या खाजगी कारखान्यांतील कंत्राटी कामगारांना संघटित करणारे शंकर गुहा नियोगी यांची २८ सप्टेंबर १९९१ रोजी पहाटे, घरात झोपलेले असताना, गोळी घालून हत्या झाली. दल्ली-राजहराच्या खाणीतील ज्या मजुरांनी भिलाईच्या भट्टीसाठी लोहखनिज खणले, त्यांनी त्यांच्या संघटनेच्या छायेत १९८३ साली स्वतःचे शहीद रुग्णालय उभारले होते. पुढल्या वर्षी, १ जुलै १९९२ रोजी, भिलाईत रेल्वेमार्गावर बसलेल्या आंदोलक कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि अनेक जण ठार झाले. त्यांच्या मागण्या गाभाऱ्यात शिरण्याच्या नव्हत्या. जगता येईल एवढे वेतन आणि कायम नोकरी, म्हणजे ज्या भिंती आपण बांधल्या त्यांच्या आत नोंद असावी, एवढीच ती मागणी होती.

मंगळवेढ्याचे कोसळलेले गावकूस आणि भिलाईच्या कारखान्याचे कुंपण यांच्यामध्ये साडेसहा शतके आहेत. तरी दोन्ही भिंती उभारणारे हात कोणाचे होते, हे विचारले की हे अंतर फार कमी होते. चोखोबाने विठ्ठलापुढे ठेवलेली पाटी अद्याप कोणी उचललेली नाही. तिला लीनता म्हणून नमस्कार करणारे पुष्कळ आहेत आणि विद्रोह म्हणून जयजयकार करणारेही पुष्कळ आहेत. तिच्यात काय पडले आहे, हे वाकून पाहणारा वाचक मराठीला हवा आहे.